माझ्या नावाची दुसरी बाई

आबा, मुंबईहून माझा नवा कागद आज आला आणि त्यावर काहीही नाही. फ्रीज नाही, टीव्ही नाही, गाडी नाही, थकलेला हप्ता नाही. बँकेतले साहेब म्हणाले, सिस्टर, आता तुमचं नाव स्वच्छ झालं, कर्जाचं काम होऊन जाईल. मी त्यांचे आभार मानले, बाहेर आले आणि बँकेच्या पायरीवर बसून तो कागद पुन्हा उघडला. घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखा मोकळा. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्या आधी मला हेवा वाटला, तुमच्या सुनेचा. आता तुम्ही म्हणाल, अजून? व्हय आबा, अजून. तुम्ही जाऊन चार वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी अजून.

तुम्हाला हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तुम्ही होता तेव्हा असले कागद आपल्या पेठेत कुणाला माहीत नव्हते. हल्ली कुणी बँकेतून कर्ज काढलं किंवा एखादी वस्तू हप्त्यानं घेतली, की त्याची नोंद मुंबईच्या एका कंपनीकडं जाते. हप्ते वेळेवर भरले का, बुडवले का, सगळं तिथं लिहिलेलं. पुढं दुसरं कर्ज मागायला गेलं की बँक आधी त्या कंपनीला विचारते, हे माणूस कसं आहे. तुमच्या वेळी हे काम मंगळवार पेठेतल्या बायका करायच्या, आणि तेही फुकट.

मला फुलेवाडीकडं एक घर घ्यायचं होतं. घर कसलं, एक खोली आणि स्वयंपाकघर. पण दार माझं. तुमच्या लेकाचा पोरगा आता बापाच्या उंचीचा झालाय, त्याला अभ्यासाला जागा नाही, आणि माझी गादी अजून त्याच मधल्या खोलीत पडते. कुणी जा म्हणत नाही, पण मी हॉस्पिटलातून आले की पोरगं पुस्तकं गोळा करून मुकाट्यानं बाहेर जाऊन बसतं. ते मला बघवत नाही. बिल्डरनं दिवाळीपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं, त्यानंतर ती जागा दुसऱ्याला. पगाराच्या पावत्या घेऊन मी बँकेत गेले, आणि आठवड्यानं साहेबांनी समोर बसवून सांगितलं की कर्ज देता येत नाही, माझे जुने हप्ते थकलेत. मी म्हटलं, मी जन्मात कधी हप्त्यानं चमचासुद्धा घेतला नाही. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला.

आबा, त्या कागदावर सगळ्यात वर माझं नाव होतं. आडनावासकट. मला किती दिवसांनी कुणी माझ्या नावानं ओळखत होतं म्हणून सांगू? हॉस्पिटलात मी सिस्टर, घरात आक्का, पोराची आत्या. नाव फक्त पगारपत्रकात. आणि इथं माझं नाव, माझं जन्मसाल, आपला मंगळवार पेठेतला पत्ता, आणि खाली एका बाईचा अख्खा संसार. तिनं टीव्ही घेतला होता. एका उन्हाळ्यात फ्रीज घेतला होता. सोनं गहाण ठेवून पोराला कॉम्प्युटर आणला होता. शिलाईचं मशीन, मिक्सर, आणि शेवटी एक बिनगेअरची गाडी, तिचे शेवटचे हप्ते राहिलेले. वाचता वाचताच मला कळलं की ही कोण. राग यायला हवा होता, पण मी अधाशासारखी वाचत राहिले. माझ्या नावाच्या बाईनं किती काय काय केलं होतं! आणि त्यातलं काहीही मी केलं नव्हतं.

साहेब बिचारे चांगले. म्हणाले, "सिस्टर, लई न्हाय राहिलेलं. भरून टाका की, विषय संपला."

"गाडी माझी न्हाय," मी म्हटलं.

"घरातलीच हाय न्हवं पण?"

"घरातली हाय. माझी न्हाय."

त्यांना वाटलं असेल, बाई चिकट आहे. पैशाचा प्रश्न नव्हता, आबा, तेवढे पैसे माझ्याकडं होते. पण ते भरले असते तर ती गाडी कायमची माझी म्हणून लागली असती. मला ती तिथून पुसून हवी होती, कारण ती गाडी मी बघितली होती. बिंदू चौकात, दुपारी, ड्यूटी संपवून मी बसची वाट बघत उभी, आणि समोरून तिच्यावर तुमची सून आली. पदर खोचलेला, ताठ बसलेली. मागं तुम्ही. एका हातानं टोपी दाबून धरलेली आणि दुसरा हात तिच्या खांद्यावर. तुम्ही हसत होता. मी सातवीत असताना सायकल मागितली होती तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता, आठवतं? "पोरीच्या जातीनं टांग टाकून गावभर फिरायचं, आणि मी अडतीवर तोंड कुठं लपवायचं?" त्या दिवशी तुम्ही सुनेच्या मागं बसून अख्ख्या गावातून निघाला होता, आणि तोंड काही लपवलं नव्हतं. मी दोन बसा सोडल्या. घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून झोपले.

पण तुमच्या सुनेचं नाव आणि माझं नाव एक कसं, हे बँकेतल्या साहेबांना समजावताना माझी जी तारांबळ उडाली! त्यांना वाटलं, योगायोग असेल. योगायोग कसला, तुमचं कर्तृत्व. माझं लग्न करून तुम्ही मला कागलच्या बाजूला दिलंत, तिथं सासरच्यांनी रीतीप्रमाणं माझं नाव बदललं. दीड वर्षानं तुमच्या लेकाचं लग्न. मी वरमाईच्या जागी मिरवत होते, कारण आई नव्हती. लग्न लागलं, आणि नवरीचं नाव ठेवायला ताटात तांदूळ पसरून तुमच्या लेकाच्या हातात अंगठी दिली. तो म्हणाला, काय लिहू? आणि तुम्ही माझं नाव सांगितलंत. आत्या तोंडावर पदर धरून म्हणाली, "दादा, माहेरवाशिणीचं नाव सुनंला? असं कोण ठेवतंय व्हय?" तुम्ही म्हणालात, "पोरगी गेल्यापासनं घरात त्या नावाची हाक न्हाय. संध्याकाळी अडतीवरनं आलो की तोंडात येतंया, आणि कुणाला मारू? आता हिला मारीन." बायका डोळे पुसायला लागल्या. मी पण पुसले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला लई भारी वाटलं होतं. बापानं लेकीची आठवण अशी ठेवलेली कुणी बघितली नव्हती. दुधाची तहान तुम्ही ताकावर भागवत होता, आणि मी दूध होते.

मग दोन वर्षांनी दूध परत आलं. नवऱ्यानं दुसरीकडं संसार मांडला होता, ते तुम्हाला माहीत आहेच. मी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले, सासरचं नाव तिथंच टाकून. शाळेचा दाखला, नर्सिंगचं सर्टिफिकेट, सगळं माझ्या मूळ नावावर होतं, नोकरी लगेच लागली. सगळं परत मिळालं. फक्त घरात जागा भरली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही ओसरीवरून हाक मारलीत, आणि स्वयंपाकघरातून आम्ही दोघींनी एकदम "ओ" दिली. ती चुलीपुढं, मी मोरीपाशी. दोघी चहा घेऊन आलो. तुम्ही एकदा तिच्याकडं बघितलंत, एकदा माझ्याकडं, आणि कप तिच्या हातातला घेतलात. म्हणालात, "मी हिला म्हणालतो." मी तो दुसरा चहा मोरीत ओतला. असं चार-आठ दिवस झालं, आणि मग तुम्ही मला आक्का म्हणायला लागलात. तुमचा लेक म्हणतो तसं. बापानं लेकीला आक्का म्हणायचं? जन्मभर गुळाचे रवे तोललेत, गावात कुणी तुमच्या काट्याला नाव ठेवलं नाही. मापात पाप केलंत ते घरात.

तिच्याबद्दल मी काय काय बोलत होते, ते तुमच्यापुढं कधी बोलले नाही, म्हणून आता सांगते. आयत्या बिळावर नागोबा, असं मी तिला मनात म्हणायची. ती माझ्यापेक्षा लहान, भावजय, तिला नावानंच हाक मारायची रीत. पण माझं नाव मी माझ्या तोंडानं दुसरीला कसं द्यायचं? मी "अगं" म्हणायची, "ऐकलंस का" म्हणायची, नाहीतर भांडं आपटायची. ती मला वन्सं म्हणायची, वाकून नमस्कार करायची, माझा डबा भरायची. त्यानं मला अजूनच चीड यायची. तिनं एकदा तरी उलटून बोलावं म्हणून मी किती वाट बघितली.

तर आता कागदाचं सांगते. बँकेनं सांगितलं, ज्या फायनान्सवाल्याकडून गाडी घेतली त्याच्याकडून लिहून आणा की ही बाई ती नव्हे. मी शाहूपुरीत त्यांचं ऑफिस हुडकून काढलं. तिथल्या माणसानं कुरकुरत फाइल काढली, आणि सगळा घोळ एका पानावर दिसला. फॉर्मवर फोटो तिचा, सही तिची, आणि वय माझं. पुरावा म्हणून आपलं रेशन कार्ड जोडलेलं. आता बघा, लग्न होऊन लेक गेली की तिचं नाव रेशन कार्डावरून कमी करतात. तुम्ही केलंच नव्हतं. सुनेचं तेवढं खाली घातलं. त्यामुळं कार्डावर एकाच नावाच्या दोन बायका, आणि मधे बापाचं किंवा नवऱ्याचं नुसतं पहिलं अक्षर, तेही तुमचं नि तुमच्या लेकाचं एकच. फॉर्म भरणाऱ्या माणसानं वरून वाचत येऊन पहिलं जे नाव सापडलं त्याचं वय उतरवलं. मुंबईवाल्यांनी नाव बघितलं, पत्ता बघितला, साल बघितलं, आणि दोन बायकांची एक बाई केली. तिची बाकीची कर्जंही मग तिथंच येऊन चिकटली. मी त्या माणसाला विचारलं, फोटोकडं तरी बघायचं की. तो म्हणाला, "मावशी, फोटोत समद्या बायका सारख्याच दिसत्यात."

ते मला फार लागलं, आबा. आम्ही दोघी सारख्या कुठून? तिच्या डोळ्यांत पाणी आहे, माझ्या नाही.

फायनान्सवाला म्हणाला, तिनं स्वतः येऊन लिहून द्यायला पाहिजे. दोघींनी कोर्टात वकिलापुढं शपथेवर सांगायचं की आम्ही दोन वेगळ्या बायका आहोत आणि कर्ज तिचं आहे. मी घरी भांडायच्या तयारीनंच गेले. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, आणि खरं सांगते, त्यात तुमचंही सगळं बाहेर काढणार होते. ती भाकरी थापत होती. मी सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "फोटू माझा हाय न्हवं? मग गाडी माझीच हाय. कवा यायचं सांगा."

"हे मग तुझ्या नावावर लागणार," मी म्हटलं. "पोराच्या डिप्लोमाला कर्ज काढायचं म्हणत होतीस. ते अडंल."

तुमचा लेक आतून म्हणाला, "आक्का, दोन म्हैने थांब की. कारखान्याचा हंगाम चालू होऊन हातात पैसं आलं की हप्ते भरून टाकतो, मग जा."

तीच म्हणाली, "गप बसा तुम्ही. त्यांच्या घराचं दिवाळीला तुटतंय. गाडीवर मी बसले, आणि हप्ता काय वन्संनी फेडायचा? पोराचं बघू म्होरं." आणि मला म्हणाली, "जेवून घ्या, गरम हाय."

माझं सगळं जुळवलेलं भांडण तसंच राहिलं. ती एक शब्द वेडावाकडा बोलली असती तर माझं जेवण गोड झालं असतं.

सोमवारी आम्ही दोघी कोर्टाबाहेर गेलो. ते टायपिंगवाले झाडाखाली बसतात ना, त्यांतला एक म्हातारा होता, त्यानं दोघींची नावं विचारली. मी सांगितलं. तिनं तेच सांगितलं. त्यानं चष्मा वर केला. "पावणं, थट्टा करायलाय काय?" मग त्याला ताटातल्या तांदळापासून सगळं सांगावं लागलं. तो म्हणाला, असं असेल तर हिचं माहेरचं नाव घालू, म्हणजे फरक कळेल. तिनं तिचं लग्नाआधीचं नाव सांगितलं. लग्नपत्रिकेत मी ते वाचलं असणार, पण नंतर त्या घरात ते कुणाच्या तोंडून आलं नाही. टायपिंगवाल्यानं ते जोरात म्हणून बघितलं, आणि तिनं चटकन मान वर केली. शाळेत हजेरी घेताना पोरं करतात तशी. वकिलापुढं सह्या झाल्या. तिनं सही केली, खाली मी केली. तेच नाव, दोन हातांचं.

काम आटपलं आणि आम्ही गाड्यावर लिंबू-सोडा घेतला. ऑक्टोबरचं ऊन, बाकडं तापलेलं. पंधरा वर्षांत आम्ही दोघी कुठं एकत्र बसलो नव्हतो. तिनं ग्लास हातात फिरवला आणि म्हणाली, "वन्सं, एक सांगू? राग न्हाय ना यायचा?"

मी म्हटलं, "सांग."

"तुम्हास्नी वाटतंया, आबांनी तुमचं नाव मला दिलं म्हंजे लई मोठं कायतरी दिलं. आवो, मला काय मिळालं? ते हाक मारायचं, मी म्होरं जाऊन हुभी ऱ्हायले की त्यांचं तोंड उतरायचं. जरासंच. पर उतरायचं की. समदी वर्सं बघितलं म्या. ती हाक मला कवाच नव्हती. तुमालाच होती."

मग ती म्हणाली, "आणि तुम्ही परत आलासा, तवा म्या त्यास्नी म्हणलं, आबा, आता वन्सं आल्यात, मला माझ्या जुन्या नावानं हाक मारा, त्यांचं त्यास्नी देऊन टाका. तर म्हणालं, न्हाय गं. ते स्थळ मीच बघितलं हुतं. मीच हात धरून धाडली तिला. त्या नावानं तिला हाक मारायला आता मला तोंड न्हाय."

मग तिनं सोडा पिऊन टाकला आणि म्हणाली, "मला तुमचा लई राग यायचा, वन्सं. गाडीवर मागं बसून बी तुमचंच. आता आक्काची ड्यूटी सुटली असंल, आता आक्का बशीला हुभी असंल. म्या म्हणायची, आबा, गाडी मी चालीवतीया."

खरं तर तिथं माझं मन भरून यायला हवं होतं. तिच्याबद्दल काहीतरी वाटायला हवं होतं. तिचं नाव गेलं, माझं तिला नकोसं झालं, पोराचं कर्ज अडणार, आणि ती माझ्यासाठी उन्हात बसलेली. ते सगळं नंतर वाटलं, रात्रीपर्यंत हळूहळू वाटत गेलं. तेव्हा वाटलं ते एवढंच, की मी जिंकले.

कागद दुरुस्त व्हायला दोन महिने लागले. दिवाळी गेली, पण बिल्डर थांबला. तिचा फ्रीज, तिची गाडी, तिचा कॉम्प्युटर सगळं तिच्या नावावर गेलं, आणि माझ्याकडं हा मोकळा कागद राहिला. पोराच्या फीची पहिली रक्कम मी भरणार आहे. ती नको म्हणते, मी ऐकणार नाही, आमचं त्यावरून रोज वाजतं, आणि आता ती उलटून बोलते. पुढच्या महिन्यात मी फुलेवाडीला जाईन.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि तिला तर मुळीच दाखवायचं नाही, म्हणून एवढं एक सांगून थांबते. त्या बाकड्यावर ती पहिल्यांदा म्हणाली ना, की ती हाक मला नव्हती, तुमालाच होती, तेव्हा मी तिच्याकडं वळून म्हटलं, "काय म्हणालीस? ट्रक गेला, ऐकू आलं न्हाय." तिनं पुन्हा सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, मोठ्यानं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज कापत होता.

ट्रक वगैरे काही गेला नव्हता, आबा.